चतुर्थीतून डोकावणारा मी

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघाली आणि पाण्याच्या टाकीवरचा लेख माझ्या गळ्यात पडला. लिहिला. पंप चालू करताना मला विजेचा झटका बसला होता, तो प्रसंग तर अगदी रंगवून लिहिला. संपादक होते दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. लेख परत आला तो लाल शाईत न्हाऊनच.

"'मी' फार झालेत," सर म्हणाले. "सतरा मोजले."

"पण सर, झटका मलाच बसला होता."

"बसला असेल. निबंधात लेखक दिसता कामा नये. लिहा, 'एका रहिवाशास विजेचा झटका बसल्याचे निदर्शनास आले.'"

"कुणाच्या निदर्शनास?"

"ते गौण आहे."

मग मी शाळेतलं उरलंसुरलं व्याकरण बाहेर काढलं. 'मला झटका बसला' यात कर्ता झटका आहे, मी नाही. मराठी मुळातच विनयशील. भूक लागते, राग येतो, ठेच लागते. सगळं तीच मंडळी करतात, मी आपला 'मला' होऊन कोपऱ्यात उभा.

सरांनी चष्मा पुसला. "तरी चतुर्थीतून तुम्ही डोकावताच आहात!"

मी 'आपण' सुचवलं. 'आपण पंप बंद करायला विसरलो.' तिथे सेक्रेटरी उसळले, "आपण म्हणजे? त्यात मी पण आलो!" बरोबर होतं त्यांचं. समोरच्याला वगळणारा 'आम्ही' आणि सामील करणारा 'आपण' अशी दोन दुकानं मराठीने वेगळी मांडली आहेत ती अशा भांडणांसाठीच. मग 'आम्ही' करून पाहिलं. जुने संपादक लिहायचेच की.

"तुम्ही टिळक आहात का?" सरांनी विचारलं.

नाही. पण टिळकांचा 1897 चा 'केसरी'तला अग्रलेख या सरांच्या हाती लागला असता, तर 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?'चं 'सरकारचे डोके ठिकाणावर नसल्याचे निदर्शनास आले आहे' झालं असतं आणि इंग्रज निवांत झोपले असते.

शेवटी 'रहिवासी'वर तडजोड झाली. "पण एकदा रहिवासी म्हटलं की शेवटपर्यंत रहिवासीच," सरांनी बजावलं. "मध्येच 'मी' झालात तर वाचक गोंधळतो." त्यामुळे पुढे 'सदर रहिवाशाच्या पत्नीने सदर रहिवाशास लाकडी पाटाने दूर लोटले' असं वाक्य जन्माला आलं. ते वाचून सदर पत्नी दोन दिवस सदर रहिवाशाशी बोलली नाही. जीव तिने वाचवला आणि लेखात तिला नाव नाही, फक्त षष्ठी.

मला राग याचा येतो, की पाचवीत अशाच एका सरांनी आम्हाला 'मी फाटकी छत्री बोलतेय' लिहायला लावलं होतं. छत्रीने 'मी' म्हणायचं, पडक्या किल्ल्याने म्हणायचं, शाळेच्या घंटेनेही म्हणायचं. मग पन्नाशीचा, झटका खाऊन जिवंत राहिलेला माणूस काय छत्रीपेक्षा गेला?

परवा स्मरणिका आली. लेख आहे. खाली नाव नाही. सरांना विचारलं, तर म्हणाले, "अहो, नाव म्हणजे 'मी'च की."

सोबत स्मरणिकेच्या वर्गणीची पावती होती, पाचशे रुपयांची. तीवर मात्र माझं नाव आहे. वडिलांच्या नावासकट, फ्लॅट नंबरसह, ठळक अक्षरांत.