पाच व्होल्ट, तीन अँपियर म्हणे!

"सर, सगळं ओके आहे. बघा, सर्वो हलतोय ना!"

हलतोय ना, म्हणे दुकानदार! एक सर्वो, म्हणजे विमानाच्या झडपा हलवणारी छोटी मोटर, टेबलावर, पंख्याखाली, भार शून्य. तसा तर कोणीही हलेल! माझं रिमोटचं विमान उसात गेलं ते चार सर्वो एकदम जोर लावत होते तेव्हा, एप्रिलच्या उन्हात. तुमच्या एसी दुकानात नाही.

ईएससीवर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटवर, छापलंय 'बीईसी ५ व्होल्ट, ३ अँपियर'. बीईसी म्हणजे त्यातलाच, बॅटरीतून रिसीव्हर आणि सर्वोला वीज देणारा भाग. कुठल्या बॅटरीवर? ते नाही छापलेलं. जागा नसेल. ड्रॅगनच्या चित्राला मात्र जागा होती. वरचं प्लास्टिक फाडलं तर आत शेजारीशेजारी तीन ७८एम०५, पाच व्होल्टचे रेग्युलेटर. लिनिअर, म्हणजे जास्तीचे व्होल्ट नुसते जाळणारे! एकेकाची ऐपत अर्धा अँपियर, बेरीज दीड, तीही थंड राहिले तर. भरलेली थ्रीएस, म्हणजे तीन सेलची बॅटरी, १२.६ व्होल्टची, सर्वोला हवेत ५. मधले ७.६ जाणार कुठे? उष्णतेत. खरंच तीन अँपियर ओढले तर जवळजवळ २३ वॅट, म्हणजे थर्माकोलच्या पोटात चालू सोल्डरिंग आयर्न ठेवून उडवा.

तापला की रेग्युलेटर आपोआप बंद. रिसीव्हर गेला, सिग्नल नाही म्हणून मोटर थांबली, सर्वो होते तिथेच अडकले. आणि उसातून विमान शोधून आणेपर्यंत साहेब गार होऊन पुन्हा चालू! मग दुकानात सगळं ओके असणारच की.

त्यात मैदानावरचे काका. "रेंज चेक केलीस का? अँटेना बघ." काहीही पडो, अँटेना! वर "स्विचिंग घेऊ नकोस, नॉइज येतो." स्विचिंग म्हणजे जाळण्याऐवजी झटपट चालू-बंद करून व्होल्ट उतरवणारा. अहो काका, तो सल्ला एफएम रिमोटच्या काळातला. आता रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर आहे.

सगळी लेबलंच खोटी. बॅटरीवर '४० सी', म्हणजे क्षमतेच्या चाळीसपट करंट देईन असा दावा, आणि टेकऑफलाच धापा टाकते. 'मेटल गिअर' सर्वोत नेमका एक गिअर प्लास्टिकचा, आणि तुटतो तोच. कुरिअरवाल्याला लायपो, म्हणजे हीच लिथियम बॅटरी, म्हणा, तो बॉम्ब ऐकतो.

परवा एका साखरपुड्यात कोणीतरी नवा मोबाइल चार्जर दाखवला, तर मी चष्मा लावून मागचे अँपियर वाचायला लागलो आणि लिनिअर-स्विचिंग समजावू लागलो. मंडळी पंगत मांडायच्या आधीच जेवायला उठली.

असो. वेगळा स्विचिंग यूबेक, म्हणजे सुटा बीईसी, आणलाय. तो लावताना ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढायची, हे सोबतच्या कागदावर नाही, कारण कागदच नाही. पाकिटावर ठळक '५ अँपियर'. खाली बारीक अक्षरात, 'सलग ३'.