चोर सोडून नळाला फाशी

बाथरूममध्ये तांबडा ओघळ दिसला की घरातला पहिला आरोप नळावर होतो. मी नळाचं वकीलपत्र घेतलंय. बरा नळ पितळेचा असतो, वर निकेल-क्रोमचा मुलामा. पितळ बिघडलं तर हिरवं पडेल. पांढरा थर असेल तर तो क्षारांचा. तांबडं म्हणजे लोखंड, आणि ते आलंय दुसरीकडूनच.

पण चौकशी कोण करतो? आपण थेट घासणी उचलतो, तीही लोखंडी तारेची. तिचे बारीक कण ओरखड्यांत अडकतात आणि दोन दिवसांत स्वतःच गंजतात. चोर धरायला आलेल्या हवालदाराने जाताना घड्याळ उचलावं, तसं. मग येतं ब्लीच. गंज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनचं लग्न. ब्लीच त्या लग्नाला आहेर घेऊन जातं. डाग आणखी पक्का बसतो. शेवटी फरशीचं अ‍ॅसिड. ते गंज काढतं खरं, पण क्रोमचा मुलामा आणि फरशीच्या सांध्यातलं सिमेंटही सोडत नाही. ब्लीचनंतर लगेच ओतलंत तर क्लोरीन वायू सुटतो, इथे विनोद संपतो. शिवाय ती बाटली बेसिनखाली ठेवली की झाकणातून सुटणाऱ्या वाफेने आसपासचं स्टील गंजू लागतं. म्हणजे ज्याला पहारेकरी नेमलं, तोच घरफोड्या.

खरा तपास पांढऱ्या बादलीत होतो. सकाळच्या पहिल्या पाण्याने ती भरा. सुरुवातीचे काही लिटर लालसर आणि मग स्वच्छ, तर जुना जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, आतून गंजलाय. फक्त गरम पाणी लाल, तर गिझर. त्यातला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड संपला असेल, तो टाकीच्या आधी स्वतः झिजतो म्हणून टाकी वाचते. पाणी भरताना नितळ आणि रात्रभरात तळाशी तांबूस गाळ, तर बोअरच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं आहे. हवा लागेपर्यंत ते सभ्य दिसतं. लिटरमागे 0.3 मिलिग्रॅमच्या वर गेलं की भांडी, कपडे, कमोड सगळ्यांवर सही करतं. यावर उपाय टाकीजवळच: पाणी फवारून हवा द्यायची, गाळ बसू द्यायचा, पुढे आयर्न फिल्टर. स्वयंपाकघरातल्या आरओचा बाथरूमला काडीचा उपयोग नाही.

तिन्ही निर्दोष सुटले तर स्क्रू बघा. टॉवेल रॉडसोबत पुडीत फुकट येणारे स्क्रू बहुधा साध्या लोखंडाचे, वर जस्ताचा पातळ थर; स्क्रूड्रायव्हर घसरला की तो गेला. त्याच मापाचे 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. दुकानदार चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ म्हणेल. पण 202 ग्रेडचं हलकं स्टेनलेस सुद्धा चिकटत नाही, आणि त्यात निकेल कमी असतं, म्हणून चुंबकाची साक्ष धरू नका. मग येते बादलीची कडी. प्लास्टिकच्या बादलीला लोखंडी कडी लावणारा माणूस कोण, हे मला खरोखर जाणून घ्यायचंय. शेव्हिंग फोमचा डबाही ओल्या कठड्यावर गोल शिक्का मारतो. तळाला नेलपॉलिशचे दोन हात दिले की गप्प बसतो.

जुन्या डागाला एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे ढोकळ्यातलं लिंबूसत्त्व. त्यात टिश्यू भिजवून डागावर लपेटा. क्रोमवर पंधरा मिनिटं, चिनी मातीवर अर्धा तास पुरे. मऊ स्पंजने पुसा, भरपूर पाण्याने धुवा, कोरडं करा. संगमरवर, कडाप्पा, शहाबादी यांच्यावर थेंबही नको. ते चुन्याचे दगड, आंबट लागताच फेसाळतात आणि चमक कायमची जाते.

एका गुन्ह्यात मात्र नळ सहआरोपी आहे: ठिबक. पाण्यात जरासं लोखंड असलं तरी रोज एकाच रेषेत थेंब पडून बेसिनला तांबडा भांग पडतो. वायसर बदला. त्याआधी मुख्य कॉक बंद करायला विसरलात, तर ती केस मी घेणार नाही.