पाऊण तासाचा होकार

अक्कलदाढ साधारण 17 ते 25 या वयात येते. माझीही वेळेवर आली, पण आडवी. आल्यापासून शेजारच्या दाढेवर रेलून बसलेली. पस्तिशी उलटल्यावर तिने बंड केलं, तेही दिवाळीच्या तोंडावर, आणि वसुबारसेच्या सकाळी तिला काढावं लागलं.

"हा बोळा पाऊण तास घट्ट दाबून ठेवा. बोलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "24 तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉ लावून काही ओढायचं नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती निघाली तर खालचं हाड उघडं पडतं. मग माझ्या नावानं शंख कराल." शंख करायला तोंड उघडावं लागतं, हे त्या विसरल्या असाव्यात.

घरी चकल्यांचा घाणा चालू होता. मी गालाला बर्फाची पिशवी लावून सोफ्यावर पडलो. खालचा ओठ आपला नव्हेच, कुणी तरी तात्पुरता ठेवायला दिलाय असं वाटत होतं.

"हॉलला पिस्ता रंग देऊ या ना?" बायकोनं झारा हातात घेऊनच विचारलं.

"हंऽ," मी म्हणालो. म्हणजे, 'पिस्ता? वेड लागलंय का?' पण बोळ्यातून एवढंच बाहेर येतं.

"बघा, ऐकलंत ना सगळ्यांनी?"

पाठोपाठ बाबा आले. "भाऊबीजेला आत्याकडे सोलापूरला जायचंय. गाडी तूच चालवशील ना?" पुण्याहून अडीचशे किलोमीटर! मी जोरात मान हलवली, तर बर्फाची पिशवी मांडीवर पडली आणि तोंडातून निघालं, "हंऽ!" चिरंजीवांनी संधी ओळखून नव्या सायकलीचा विषय काढला. मी मोबाइलवर 'नको' टाइप केलं. मोबाइलनं ते 'नक्की' केलं.

तेवढ्यात वरचे काका आले. "दाढेखाली लवंग धर," म्हणाले. दाढ ट्रेमध्ये राहिली होती, हे सांगायची सोय नव्हती. मग त्यांनी स्वतःची दाढ कशी निघाली ते उभ्या उभ्या सांगितलं. काकांच्या दाढेला मुळं किती होती ते मला आता पाठ आहे.

पाऊण तास झाला. मी बोळा काढला, आरशासमोर तयारी केली आणि बाहेर येऊन ठणकावून म्हणालो, "पिस्ता नको!" जिभेची बधिरता उतरली नव्हती. आईला ऐकू आलं 'पित्त'. तिनं लगेच कोकम सरबत आणलं, त्यात स्ट्रॉ घालून. ते परत पाठवल्यावर गार मऊ भात आला, मेतकूट-तूप घालून. चकल्या मी फक्त वासानं खाल्ल्या.

सातव्या दिवशी टाके काढायला गेलो. सोलापूरची वारी झाली होती, पेंटर माप घेऊन गेला होता, सायकल जिन्याखाली उभी होती. डॉक्टरीणबाईंनी आत आरसा घातला.

"उजवीकडचीही आडवीच आहे हो. काढून टाकू या ना?"

"हंऽ."