आमच्या लॅबमधले प्रोव्हिजन स्टोअर

ब्रॉडबँड प्रोव्हिजनिंगच्या सॉफ्टवेअरची चाचणी घेणे हा माझा व्यवसाय आहे, हे आईला समजावून सांगण्याचा नाद मी सोडला, त्याला आता बरीच वर्षे झाली. गिरगावात आयुष्य काढलेल्या बाईच्या लेखी 'प्रोव्हिजन' हा शब्द 'जनरल अँड प्रोव्हिजन स्टोअर्स' या पाटीवरच शोभतो, आणि त्यामुळे मुलगा इंजिनिअर होऊन शेवटी वाण्याच्या दुकानाचे हिशेब सांभाळतो, अशी तिची प्रामाणिक समजूत आहे. सुरुवातीला मला याचा राग येत असे. पुढे लक्षात आले, की माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या आमच्या माहितीपत्रकातही नाही. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीशी आले, की ते कोणत्या चाळीतले, खात्यावर बाकी किती आणि त्याला बासमती द्यायचा की कोलम, हे वाणी मान वर न करता ठरवतो. आमचे सॉफ्टवेअर मोडेमच्या बाबतीत तेच करते. मोडेम जागा झाला, की तो कोणाचा, मालकाने कोणत्या योजनेचे पैसे भरले आहेत, हे वहीत पाहायचे आणि त्या मापाने वेग तोलून द्यायचा. वहीत नाव नसेल, तर त्याला पायरीवरच उभे ठेवायचे.

हे दुकान आमच्या लॅबमध्ये नव्याने थाटण्याची जबाबदारी एका सोमवारी माझ्यावर आली. "नुसते इन्स्टॉल करायचे आहे, दोन तासांचे काम," असे साहेब म्हणाले. 'नुसते' हा शब्द साहेबांच्या तोंडून आला, की मी घरी फोन करून रात्रीच्या जेवणाला थांबू नका, असे सांगून ठेवतो.

आमची लॅब अंधेरीच्या एमआयडीसीत आहे. बाहेर मे महिन्याच्या घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना आत मात्र यंत्रांसाठी इतका गारवा ठेवलेला असतो, की मुंबईत स्वेटर विकत घेणाऱ्या मोजक्या लोकांत माझी गणना होते. शहरभर पसरलेल्या केबल कंपनीची ती एक भातुकलीच म्हणायची. एका कपाटात सीएमटीएस, म्हणजे केबलवरच्या सगळ्या मोडेमचे बोलणे ऐकून पुढे पोचवणारे धूड. त्याच्याखाली तीन सर्व्हर. समोरच्या टेबलावर सहा मोडेम, आणि मैलोगणती तारांच्या ऐवजी कोॲक्सचे, म्हणजे टीव्हीच्या जाड केबलचे, एक वेटोळे.

पहिला दिवस सर्व्हरला त्याचे नाव शिकवण्यात गेला. हे सॉफ्टवेअर तीन तुकड्यांत येते. एक तुकडा वही सांभाळतो, दुसरा मोडेमला फाइली देतो आणि तिसरा पत्ते वाटतो; आणि या तिघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नसतो. सर्व्हरला स्वतःचे पूर्ण नाव ठाऊक असावे लागते, त्या नावावरून त्याचा पत्ता सापडावा लागतो आणि पत्त्यावरून पुन्हा तेच नाव निघावे लागते. रेशनकार्डावर एक नाव, दाखल्यावर दुसरे आणि हाक मारायला बंड्या, असा आपल्याकडचा सोयीस्कर कारभार इथे चालत नाही. आमच्या सर्व्हरला विचारले तर तो स्वतःला 'लोकलहोस्ट' म्हणवून घेत होता, म्हणजे "तू कोण?" या प्रश्नाला "मी मीच" असे उत्तर देत होता. तत्त्वज्ञान म्हणून हे उच्च आहे. इन्स्टॉलरला ते मानवले नाही. नाव सुधारल्यावर परवाना रुसला, कारण तो सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाशी बांधलेला होता आणि मी सर्व्हरची नवी प्रत काढताना तो क्रमांक बदलून गेला होता. नवा परवाना देणारी मंडळी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला राहतात आणि आपण जागे असताना झोपलेली असतात.

मंगळवारी परवाना आला आणि मी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर सुरू केला. या घटनेचा उल्लेख आमच्या कार्यालयात अजूनही 'तो मंगळवार' असा होतो, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

डीएचसीपीचा व्यवहार आपल्याकडच्या स्थळ पाहण्यासारखा असतो. नवे यंत्र "मला कोणी पत्ता देता का?" असे चारचौघांत ओरडून विचारते, सर्व्हर "हा घे" म्हणून देकार देतो, यंत्र "मला हाच हवा" म्हणते आणि सर्व्हर शिक्कामोर्तब करतो. यात कच्चा दुवा असा, की विचारणा सगळ्यांना ऐकू जाते आणि यंत्र बहुधा ज्याचा देकार आधी येईल त्याच्याशीच संसार थाटते. आता लॅबचे जाळे कार्यालयाच्या जाळ्यापासून पूर्णपणे वेगळे असते, अशी आम्हा सर्वांची श्रद्धा होती. प्रत्यक्षात कपाटाच्या मागून एक निळी केबल भिंतीतल्या खोबणीत गेलेली होती. ती कोणी, कधी आणि कशासाठी लावली, याची चौकशी पुढे महिनाभर चालली आणि अनिर्णित राहिली.

माझा सर्व्हर ताजातवाना होता, त्याला दुसरे काही काम नव्हते, आणि कार्यालयाचा मूळ सर्व्हर वयोमानाने जरा दमाने उत्तर देणारा होता. परिणामी त्या दिवशी सकाळी ज्याने ज्याने संगणक सुरू केला, त्याला माझ्या दुकानाचा पत्ता मिळाला, आणि त्या पत्त्यावरून बाहेरच्या जगाकडे जाणारा रस्ताच नव्हता. साडेदहाच्या सुमारास लेखा विभागाच्या बाई लॅबच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, तुमच्याकडे तरी इंटरनेट आहे का? आज पगाराची फाइल बँकेत पाठवायची आहे," असे त्यांनी विचारले, आणि मी, देवाशपथ सांगतो, अत्यंत सहानुभूतीने म्हणालो, "नाही हो, या नेटवर्कवाल्यांचे नेहमीचेच आहे."

सत्य मला अकरा वाजता कळले, जेव्हा माझ्या सर्व्हरच्या नोंदींत सहा मोडेमच्या जागी चव्वेचाळीस गिऱ्हाइके दिसू लागली आणि त्यांतल्या एकाचे नाव 'एचआर प्रिंटर' असे होते. मी सर्व्हर तत्काळ बंद केला. पण पत्ता हा भाडेकरारावर दिला जातो, आणि पुन्हा पुन्हा त्रास नको म्हणून तो करार मी सात दिवसांचा, म्हणजे ६,०४,८०० सेकंदांचा ठेवला होता. नियमाप्रमाणे भाडेकरू अर्धी मुदत उलटेपर्यंत नूतनीकरणाचे नावही काढत नाही. घरमालक परागंदा झाला तरी मुंबईचा भाडेकरू जागा सोडत नाही, हे मी लहानपणापासून पाहिले होते. संगणकांनाही हा गुण लागला असेल, असे वाटले नव्हते. शेवटी मी टेबलाटेबलाशी जाऊन, प्रत्येकाच्या खुर्चीमागे वाकून, जुना पत्ता सोडण्याची आणि नवा मागण्याची आज्ञा स्वतःच्या हाताने टंकित केली. पगार वेळेवर झाले. लेखा विभागाच्या बाईंनी मात्र माझ्या प्रवासखर्चाच्या पावत्या पुढचे दोन महिने भिंगाखाली तपासल्या.

निळी केबल उपटल्यानंतर बुधवारी मोडेमकडे वळलो. केबलवरच्या मोडेमचे वागणे 'डॉक्सिस' नावाच्या, केबललॅब्ज या अमेरिकी संस्थेने १९९७ साली पहिल्यांदा काढलेल्या नियमावलीने बांधलेले असते. त्याने आधी सूर ओळखायचा, मग आपला आवाज जुळवायचा, मग पत्ता, मग वेळ, मग आपल्या योजनेची फाइल मागायची आणि शेवटी नोंदणी करायची. तो कोणत्या पायरीवर आहे हे सीएमटीएसच्या पडद्यावर दिसते, त्यामुळे तो अडला की नेमका कुठे अडला हे कळते. का अडला, ते शोधायला मी असतो.

आमचा मोडेम पहिल्याच पायरीवर बहिरा झाला. सूर सापडेना. तारा बदलल्या, जोडण्या आवळल्या, वारंवारिता तीनदा तपासली. अखेर स्टोअरचे काका चहा घेऊन आले, त्यांनी टेबल आणि कपाट यांच्यातले अंतर डोळ्यांनी मोजले आणि म्हणाले, "साहेब, एवढ्या जवळून एवढ्या मोठ्याने ओरडल्यावर कोणाला ऐकू येईल?" सीएमटीएस ५० डीबीएमव्हीच्या (तारेतल्या आवाजाचा जोर मोजण्याचे हे माप) वरच्या आवाजात बोलतो, कारण प्रत्यक्षात ते बोलणे गल्ल्या, खांब, गच्च्या आणि फाटे पार करीत क्षीण होत घरी पोचायचे असते, तर मोडेमच्या कानाला उणे १५ ते अधिक १५ एवढेच झेपते. आमचा मोडेम त्याच्यापासून दोन हातांवर, म्हणजे गणपतीच्या मंडपातल्या भोंग्याखाली उभा होता. काकांनी कोठीतून अटेन्युएटर आणून दिले. शिवणकामाच्या टोपणाएवढी ही वस्तू आवाज खाण्यापलीकडे काही करत नाही, आणि तशी एखादी आमच्या इमारतीच्या सोसायटीच्या सभेतही लावता आली तर बरे, असे मला तेव्हापासून वाटते.

पत्त्याची पायरी आता सुरळीत पार पडली आणि वेळेची आली. मोडेमला कालमापनाची सेवा देणारा जुना नियम मोठा मनोहर आहे. पोर्ट ३७ वर विचारायचे आणि १ जानेवारी १९०० च्या मध्यरात्रीपासून आतापर्यंत किती सेकंद लोटले, एवढा एकच आकडा उत्तरात घ्यायचा. २०३६ साली हा आकडा त्याच्या शून्य-एकाच्या बत्तीस घरांत मावेनासा होऊन पुन्हा शून्यावर येणार आहे, पण तोवर मी निवृत्त झालेलो असेन, म्हणून ती चिंता मी पुढच्या पिढीवर सोपवली आहे. आपला प्रदेश ग्रीनिचच्या किती पुढे आहे, हे मोडेमला वेगळे सांगावे लागते, तेही सेकंदांत. नमुन्याच्या फाइलीत उणे १८,००० होते, त्यामुळे आमचा अंधेरीतला मोडेम न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे आपल्या तक्रारी नोंदवत होता. भारतासाठी हा आकडा १९,८०० आहे. हे टंकित करताना माझ्यातला मुंबईकर उगाचच हळहळला. १९०६ पासून देशभर प्रमाणवेळ आली, तरी या शहराने आपली, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढची 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती. तो बाणा आजही टिकला असता, तर मला १७,४६० लिहावे लागले असते आणि एकोणचाळीस मिनिटे उशिरा येऊनही मी वेळेवर ठरलो असतो.

फाइलीच्या पायरीवर मोडेम अडखळला तो एका अक्षराने, कारण मी फाइलीच्या नावाचे पहिले अक्षर एकीकडे मोठ्या लिपीत आणि दुसरीकडे छोट्या लिपीत लिहिले होते. ते फार काळ चालले नाही. त्यानंतर सीएमटीएसच्या पडद्यावर आलेल्या 'रिजेक्ट-एम' ने, म्हणजे फाइलीवरची मोहोर जुळत नाही या नकाराने, मात्र गुरुवारचा दिवस खाल्ला. मोडेमला दिलेली फाइल वाटेत कोणी बदलू नये, म्हणून एका गुप्त शब्दाच्या आधारे तिच्यावर मोहोर उठवतात. तो शब्द आमच्या सॉफ्टवेअरला आणि सीएमटीएसला, दोघांनाही सारखाच ठाऊक असावा लागतो. मी तो दोन्हीकडे पाहिला, मोठ्याने वाचला, कागदावर लिहून अक्षरांखाली बोट ठेवून ताडून पाहिला. तंतोतंत तोच होता. संध्याकाळी सहाला मला उमगले, की सीएमटीएसमध्ये शब्दाच्या शेवटी एक रिकामी जागा आहे. मजकुराची नक्कल करून चिकटवताना ती सोबत आली होती. काहीही नसलेली ती गोष्ट शोधायला मला आठ तास लागले, आणि ती काढून टाकायला एक कळ.

सात वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर 'ऑनलाइन' हा शब्द उमटला. मी काकांना बोलावले, शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीला बोलावले, मोडेममागच्या संगणकावर मोठ्या ऐटीत एक संकेतस्थळ उघडले, आणि त्याच्या जागी "आपले उपकरण नोंदणीकृत नाही" असे पान समोर आले. म्हणजे गिऱ्हाईक दुकानात आले, वाण्याने "या, बसा" म्हटले, पण वहीत नाव सापडले नाही.

नाव म्हणजे मॅक पत्ता, मोडेमच्या बुडाशी डकवलेल्या चिठ्ठीवरची बारा अक्षरे. ती मी सोमवारीच वहीत चढवली होती. पुन्हा मोडेम उलटा करून चष्मा कपाळावर सरकवून वाचली, तीच होती. परत चष्मा नाकावर आणून वाचली, तरी तीच. इतका वेळ मागे उभी असलेली ती मुलगी अदबीने म्हणाली, "काका, तुम्ही आठ लिहिलंय, तो बी आहे."

चार दिवसांच्या श्रमांपेक्षा तो 'काका' मला अधिक लागला. सकाळपर्यंत मी तिच्यासाठी 'सर' होतो. पण मी आठाचा बी केला, मोडेम बंद करून चालू केला, त्याने सगळ्या पायऱ्या मुकाट्याने चढून फाइल मागितली, आणि संकेतस्थळ उघडले. काकांनी, म्हणजे खऱ्या काकांनी, खाली जाऊन वडापाव आणले.

उरलेले पाच मोडेम त्याच रात्री वहीत चढवून टाकावेत, असे ठरले. कामाची वाटणी उघड होती: तरुण डोळ्यांनी वाचायचे आणि अनुभवी हातांनी टंकित करायचे. दोन झाले. तिसऱ्याला ती मध्येच थांबली, चिठ्ठी दिव्याजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली आणि शेवटी मोडेम माझ्यापुढे करून म्हणाली, "काका, हा आठ आहे की बी?"

मी काहीही न बोलता ड्रॉवरमधले भिंग काढून तिच्या हातात दिले.