घरबसल्या महापालिकेला माल विका म्हणे!

परवा भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला, तुमच्यापैकी निम्म्यांना तरी आला असणारच. वर लाल अक्षरात 'सरकार म्हणजे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक' आणि खाली पाच मुद्दे: उद्यम सर्टिफिकेट (लहान उद्योगांची केंद्राकडची नोंदणी) काढा की अनामत, म्हणजे निविदेसोबत भरायची ठेव, माफ, अनुभवाची अट माफ आणि २५ टक्के खरेदी तुमच्यासाठी राखीव. जेमवर (केंद्राचं सरकारी खरेदीचं पोर्टल) माल टाका, महापालिका स्वतः शोधत येते. सगळ्यात कमी रेट भरा, ऑर्डर तुमचीच. स्पर्धा नको असेल तर घरातल्या नावांवर तीन फर्म काढून तिन्हीकडून भरा. आणि सरकारी पैसा बुडत नाही, ४५ दिवसांत खात्यात. शेवटी अर्थातच कोर्सची लिंक. त्याखाली भाच्याची ओळ, "मामा, खरंय का हे? तू हेच करतोस ना?"

हो, हेच करतो, अकरा वर्षं झाली. खराटे, गमबूट, हातमोजे, फिनाईल, ब्लीचिंग पावडर, म्हणजे शहर झाडायला जे लागतं ते. मेसेजमधलं सगळंच खोटं नाहीये आणि तीच अडचण आहे, अर्धं खरं असलं की माणूस पटकन फसतो.

आधी उद्यमचं घेऊ, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. २५ टक्क्यांचा आकडा खरा आहे, पत्ता चुकलाय. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी केंद्राने २०१२ मध्ये खरेदी धोरणाचा आदेश काढला, तेव्हा तो आकडा २० टक्के होता, २०१८ मध्ये २५ केला, त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून. पण हा आदेश बांधतो कोणाला, तर केंद्राची मंत्रालयं, केंद्राची खाती आणि केंद्राचे सार्वजनिक उपक्रम. रेल्वे, तेल कंपन्या वगैरे. तुमच्या गावची महापालिका ह्यात कुठेच येत नाही. ती चालते महापालिका अधिनियमावर, राज्याच्या शासन निर्णयांवर आणि त्या त्या निविदा सूचनेत काय छापलंय त्यावर. अनामतीची सूट काही महापालिका देतात, काही सरळ लिहितात की कोणालाही सूट नाही. मी एकदा उद्यमच्या भरवशावर अनामत भरलीच नव्हती आणि कागदपत्रांच्या पहिल्याच लिफाफ्यात बाहेर पडलो, तक्रार करायलाही तोंड नव्हतं, अट चौथ्या पानावर ठळक अक्षरात होती.

आणि त्याहून मोठी मेख कोणीच सांगत नाही. तुम्ही बनवता की नुसतं आणून विकता? केंद्राने जुलै २०२१ मध्ये घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं खरं, पण फायदा फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता, बाकीचे फायदे नाहीत. माझंच बघा, फिनाईल मी स्वतःच्या शेडमध्ये बनवतो, तेवढ्यापुरता मी उत्पादक. गमबूट आणतो आणि विकतो, तिथे मी व्यापारी. सर्टिफिकेट तेच, माणूस तोच, पण गमबुटाच्या बिलाला एमएसएमई कायद्याचं (लहान उद्योगांचे पैसे अडकू नयेत म्हणून असलेला) संरक्षण मागायला गेलो तर पहिला प्रश्न हाच येणार. हे लक्षात ठेवा, खाली परत लागेल.

जेमबद्दल फार लिहीत नाही. तिथे माल टाकणं म्हणजे बाजारात पाटी लावणं, गिऱ्हाईक शोधत येईलच असं नाही. आणि आपल्याकडच्या महापालिकांच्या बऱ्याच निविदा महाटेंडर्सच्या, म्हणजे राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर निघतात, त्यामुळे जेमकडे बघत बसलात तर शेजारच्या वॉर्ड ऑफिसची निविदा निघून उघडून संपली तरी पत्ता लागणार नाही.

आता 'कमी रेट भरा, ऑर्डर तुमची'. बाबांनो, रेटचा लिफाफा उघडतो दुसरा! आधी तांत्रिक लिफाफा, त्यात अनामत, जीएसटी, उलाढालीचा सीएचा दाखला, आधी केलेल्या पुरवठ्याचे दाखले, चाचणी अहवाल, कुठे कुठे नमुनाही. त्यात नापास झालात तर तुमचा रेट फुकट असला तरी कोणी बघणार नाही. आणि त्याच्याही आधी पोर्टल आहे. माझी पहिली निविदा कशी गेली सांगतो: मुदत दुपारी तीनची, डिजिटल सहीचं टोकन लॅपटॉपला लावलेलं, अडीचपर्यंत सगळी कागदं चढवली, दराची एक्सेल फाईल चढवली (तिचं नावसुद्धा बदलायचं नसतं, मी 'फायनल' लावून ठेवलं होतं, ती घेतली नाही, परत डाउनलोड करून परत भरली), दोन पन्नासला हिरवी टिक दिसली, मी खुश होऊन चहा प्यायला खाली उतरलो. वर आलो तेव्हा पोर्टलच्या घड्याळात तीन वाजून गेले होते आणि निविदा 'फ्रीझ' करायचं बटण मी दाबलंच नव्हतं. ते दाबल्याशिवाय निविदा भरली असं धरतच नाहीत. सगळ्यात कमी रेट माझाच होता, नंतर निकाल पाहिला तेव्हा कळलं. कोर्समध्ये शिकवत असतील तर हे बटण शिकवा.

आणि कमी रेट म्हणजे किती कमी? दर 'पोहोच' मागतात, म्हणजे भाडं, हमाली, चढउतार सगळं तुमचं. 'पोहोच' म्हणजे एका गोडाऊनला असं मी धरलं होतं, कार्यादेशासोबत यादी आली ती शहरभरच्या आरोग्य कोठ्यांची, म्हणजे झाडणाऱ्यांच्या हजेरीच्या ठिकाणांची. टेम्पो घेऊन चार दिवस फिरलो. त्यात निविदेत गमबुटांचे साईज ६ ते १० आणि झाडणाऱ्यांत निम्म्या बायका, त्यांना लागतो ४ आणि ५. एका कोठीवरच्या मावशींनी बूट पायात घालून दाखवला, आत अजून एक मूठ मावेल एवढी जागा, म्हणाल्या, "दादा, ह्याच्यात पाय राहील का ह्याच्यात पाणी राहील?" बदलून दिले, स्वतःच्या खर्चाने, कारण मुकादमाने सही केली नसती तर चलन, म्हणजे माल पोचल्याची पावती, अडकलं असतं. निविदेपूर्व बैठक असते ना, ती ह्यासाठीच असते, तिथे लेखी विचारलं असतं तर शुद्धिपत्रक निघालं असतं आणि सगळ्यांनीच त्या साईजचा भाव धरून रेट भरला असता. मी गेलोच नव्हतो. मला वाटायचं तिथे फक्त मोठे लोक जातात.

तीन फर्मवाला मुद्दा वाचून तर हातपाय गार पडले. हा गुन्ह्याचा सल्ला आहे, आणि लोक तो 'ट्रिक' म्हणून शेअर करतायत! बायकोच्या, भावाच्या नावाने डमी निविदा भरणं म्हणजे संगनमत, स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये सरळ बसतं. लांबचं उदाहरण नको, पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांचं प्रकरण नागरिक चेतना मंच ह्या पुण्यातल्याच संस्थेने स्पर्धा आयोगाकडे नेलं आणि मे २०१८ मध्ये आयोगाने संगनमत केल्याबद्दल कंपन्यांना दंड ठोठावला. काही जणांनी चौकशी चालू असताना स्वतःहून कबुली देऊन दंडात सवलत मिळवली, म्हणजे बघा, तुमच्यासोबत भरणाराच उद्या तुमच्याविरुद्ध कागद देतो. काळ्या यादीत गेलात की धंदा संपला ते वेगळंच.

इथे कोणीतरी म्हणणारच, सगळं आधीच ठरलेलं असतं हो, कशाला एवढं. असतं कधी कधी, नाही म्हणत नाही. तपशील असा लिहितात की एकाच कंपनीच्या कॅटलॉगमधून उतरवल्यासारखा वाटतो, उलाढालीची अट मालाच्या किमतीला न शोभणारी असते. आणि निविदा न काढता खरेदीची वाटही अधिनियमातच आहे, अनुसूची ड, प्रकरण ५, नियम २(२), पालिकेतले लोक नुसतं 'पाच-दोन-दोन' म्हणतात, कारणं नोंदवून वापरायची तरतूद, पण कारणं काय काय नोंदवतात ते माहितीच्या अधिकारात काढून वाचा एकदा, करमणूक होईल. पण माझी अकरा वर्षं ओळखीवर गेलेली नाहीत. बहुतेक वेळा मी हरलो ते कागदाने नाहीतर रेटने, आणि तुलनात्मक तक्ता (सगळ्यांचे रेट शेजारी शेजारी) मागवला की कुठे हरलो ते दिसतं.

राहिलं '४५ दिवसांत पैसे'. हे वाचून आमच्या घरात सगळे हसले.

कायद्यात आहे, खोटं नाही. एमएसएमई कायदा २००६, कलम १५: लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे मुदत नेता येत नाही, करारच नसेल तर १५ दिवस. कलम १६: उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार ऑनलाइन करता येते, ती ऐकणाऱ्या सुविधा परिषदेचा निकाल तुमच्या बाजूने लागला आणि पालिकेला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर जबरदस्त आहे.

माझं गमबुटांचं बिल असं फिरलं: माल फेब्रुवारीत दिला, कोठ्यांची चलनं गोळा करून भांडार विभागात साठा नोंदवहीत चढवून घेतली, बिल खात्याकडून लेखा विभागात गेलं, तिथून परत आलं कारण एका चलनावर तारीख गिरवलेली होती. नवीन सही आणेपर्यंत मार्च संपला आणि मार्चबरोबर त्या लेखाशीर्षातली, म्हणजे बजेटमधल्या त्या खर्चाच्या खात्यातली तरतूदही संपली. एप्रिलपासून ते 'मागील वर्षाचं देयक', त्याला वेगळी मान्यता. प्रत्येक टेबलावर माणसं चांगली होती हो, पाणी विचारायचे, आणि "साहेबांची सही झाली की लगेच" म्हणायचे. पैसे आले पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. जीएसटी मात्र मी मार्चच्या २० तारखेलाच भरला होता, कारण त्याला बिलाची तारीख कळते, पैसे आले की नाही ते कळत नाही. आणि जे आलं तेही पूर्ण नाही, करार अडीच लाखांच्या वर असेल तर पालिका २ टक्के जीएसटी टीडीएस कापते, सुरक्षा ठेव वेगळी अडकलेली. बुडत नाही हे खरं, परत मिळतं, पण तोपर्यंत कॅश क्रेडिटचं, म्हणजे बँकेच्या उचल कर्जाचं व्याज तुमच्या डोक्यावर.

मग परिषदेत का नाही गेलास? एक म्हणजे बिल गमबुटांचं, म्हणजे मी व्यापारी, वर सांगितलं तेच. आणि फिनाईलचं असतं तरी गेलो असतो का, खरं सांगायचं तर माहीत नाही, कारण ऑगस्टमध्ये त्याच खात्याची पुढची निविदा होती.

हे सगळं फोनवर सांगितलं तर भाचा म्हणाला मामा तू निगेटिव्ह आहेस. म्हटलं, बरं. त्याला कोर्सऐवजी महाटेंडर्सवरून एक ५६ पानांची निविदा पाठवली, वाचायला लॉगिनही लागत नाही, फक्त ती वेडीवाकडी अक्षरं टाईप करायची. म्हटलं वाच आणि जे कळत नाही ते विचार. दोन दिवस गप्प होता. काल रात्री साडेअकराला मेसेज आला, "मामा, अट २३. 'देयक निधीच्या उपलब्धतेनुसार अदा करण्यात येईल.' म्हणजे किती दिवस?"