'रद्दी' म्हणालात म्हणून

नमस्कार. अमेरिकेतली जुनी छापील चर्च-प्रवचनं आणि त्यांच्या प्रतींवर नावं घालणारी माणसं, यावरच्या माझ्या मागच्या लेखावर आपण लिहिलंत, "परक्या धर्माची दोनशे वर्षांपूर्वीची रद्दी पैसे मोजून घ्यायची आणि तिच्यावर कुणाचं नाव आहे ते शोधत बसायचं, याला संशोधन म्हणत नाहीत. एका नावाची दहा माणसं असतात. सॅमसन ऑकमच्या प्रवचनाचं सालही चुकलंय."

साल चुकलं, मान्य. मोझेस पॉल या मूळ अमेरिकन माणसाच्या हातून खून झाला 1771 च्या डिसेंबरात. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला त्याला फाशी दिली आणि ऑकम या मूळ अमेरिकन धर्मोपदेशकानं त्या वेळी प्रवचन दिलं ते 2 सप्टेंबर 1772 ला. दुरुस्त केलंय. आभार.

पण रद्दी? साताऱ्यात माझ्या वडिलांचं रद्दीचं दुकान होतं. काट्यावर टाकण्याआधी ते प्रत्येक गठ्ठा सोडून बघायचे. नाव घातलेलं पुस्तक किंवा पोथी निघाली की बाजूला. "हे कुणीतरी जपलेलं आहे," एवढंच म्हणायचे. दहावीपर्यंतच्या माझ्या संध्याकाळी त्या दुकानात गेल्या. रद्दी कशाला म्हणायचं हे मला कुणी शिकवायला नको, आणि तेही असल्या भाषेत तर नकोच.

आपल्या त्या 'रद्दी'तलं एक आत्ता माझ्यासमोर आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये 6 फेब्रुवारी 1812 ला पाच तरुण मिशनऱ्यांना दीक्षा दिली, तेव्हाचं लेनर्ड वुड्स या धर्मोपदेशकाचं प्रवचन. त्या पाचांतला गॉर्डन हॉल वर्षभरानं मुंबईला उतरला, मराठी शिकला, आणि 1826 मध्ये नाशिकहून परतताना वाटेतच पटकीनं गेला. 'परकं' लिहिताना एवढं तरी माहीत होतं का आपल्याला? कागद चिंध्यांच्या लगद्याचा, अजून मऊ. पुठ्ठा नाही, कडेच्या भोकांतून ओवलेला दोरा तेवढा. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात तपकिरी पडलेल्या शाईत एका बाईचं नाव, पुढे 'तिचं पुस्तक'. अक्षर सावकाश काढलेलं. शेवटच्या अक्षराशी शाई संपली म्हणून ते पुन्हा गिरवलंय.

अमेरिकेच्या 1840 पर्यंतच्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायका-मुलं नुसत्या आकड्यांत. ही बाई त्या रकान्यांत कुठे शोधायची? मला ती सापडली एका गावच्या चर्चच्या सभासदवहीत, नवऱ्याच्या नावाखाली. तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं मात्र मला एवढंच मिळालंय. ते शोधणं संशोधन नव्हे, असं आपण एका ओळीत ठरवून मोकळे झालात!

राहिला 'दहा माणसां'चा मुद्दा. वूस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीत, म्हणजे जुन्या अमेरिकन छापील साहित्याच्या संग्रहालयात, मी बारा वर्षं रजा टाकून बसतोय. असले प्रश्न ज्यानं एकही सभासदवही उघडली नाही त्यालाच पडतात. त्यावर इथे वेळ घालवत नाही.

पुढचा लेख याच प्रतीवर आहे. जरूर वाचा, चुका काढा. 'रद्दी' हा शब्द असलेली प्रतिक्रिया मात्र इथे दिसणार नाही.