द्युप्रेच्या खिशात नसलेले नाणे

गेल्या आठवड्यात मामांनी एक मजकूर पाठवला आणि खाली विचारले, "घेऊ का रे? ताईच्या नातवाला बारशाला देता येईल." मजकूर असा : फ्रेंच राज्यक्रांतीत नाण्यांचे ठसे कोरणाऱ्या ओग्युस्तँ द्युप्रेला गिलोटिनपाशी नेले, त्याने खिशातल्या वीस फ्रँकच्या सोन्याच्या नाण्यावरील देवदूताची प्रार्थना केली, वीज कोसळली आणि तो वाचला, तेव्हापासून हे नाणे मरण टाळते, आणि नेपोलियनने ते हरवले म्हणून तो वॉटर्लूला हरला. या कथेपायी विक्रेता सोन्याच्या भावावर बरीच जादा रक्कम मागतो आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

फ्रान्समध्ये वीस फ्रँकचे सोन्याचे नाणे आले ते २८ मार्च १८०३ च्या कायद्याने, आणि त्यावर होता नेपोलियनचा चेहरा. द्युप्रेची पंखधारी आकृती वीस फ्रँकवर पहिल्यांदा उमटली १८४८ मध्ये. तो स्वतः वारला १८३३ मध्ये. मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी पाडलेले नाणे त्याच्या खिशात असणार कसे? मामांनी पाठवलेल्या फोटोतल्या नाण्यावर तर १८७५ हे साल स्वच्छ वाचता येते. नेपोलियनची गोष्ट याच कारणाने निकालात निघते.

एवढे मान्य करावे लागते की ही आकृती द्युप्रेचीच आहे आणि ती १७९२ मध्ये चोवीस लिव्रच्या (लिव्र हे फ्रँकच्या आधीचे फ्रेंच चलन) सोन्याच्या नाण्यावर होती. पण त्या नाण्याच्या दुसऱ्या बाजूला सोळाव्या लुईचा चेहरा होता, आणि २१ जानेवारी १७९३ रोजी त्याच राजाचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. शिवाय ती आकृती रक्षण करणारा देवदूत नाही. राज्यघटना लिहिणारी ती फ्रान्सची प्रतीकमूर्ती आहे, आणि तिच्या बाजूला कोंबडा आहे.

द्युप्रे १७९१ मध्ये फ्रान्सच्या नाण्यांचा मुख्य ठसेकार झाला आणि १८०३ पर्यंत त्या पदावर राहिला. फ्रान्समधल्या सेंत-एतिएन शहरात शस्त्रांवर नक्षी कोरत शिकलेल्या या माणसाने त्याआधी अमेरिकेचे नेते बेंजामिन फ्रँकलिन यांच्यासाठी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे पदक कोरले होते. त्या पदकावर ग्रीक पुराणातला वीर हर्क्युलिस पाळण्यातच दोन साप आवळून मारतो आहे, साराटोगा आणि यॉर्कटाउनला शरण आलेल्या दोन इंग्रज सैन्यांचे प्रतीक म्हणजे ते साप, आणि त्यावरचे रोमन कवी होरेसचे वचन सुचवले विल्यम जोन्सने, म्हणजे पुढे कोलकात्यात एशियाटिक सोसायटी स्थापन करणाऱ्या जोन्सनेच. एवढे काम केलेल्या कलावंताची ओळख एका विजेच्या कथेवर यावी, याचा मला मनापासून राग येतो.

मामा, नाणे अस्सल असेल तर त्याचे वजन ६.४५ ग्रॅम भरेल आणि त्यात ५.८ ग्रॅम शुद्ध सोने असेल. सराफाकडून तोलून घ्या, आणि तेवढ्याचाच भाव द्या.